लाल समुद्रात अमेरिकेच्या गटात आपण काऊन नाई गेलो? आणि हे संयुक्त सराव नेमके कोणाच्या कामाचे?

संत्रानगरी_७१

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लंबा आहे, सांभाळून घ्या.

मी नागपुरात एका क्लिअरिंग एजंटकडे कामाले आहे. बुटीबोरीचा यार्न, थोडी हळद-मिरची, असा माल डब्यात भरून जेएनपीटीले जाते आणि तिथून जहाजावर चढते, त्याचे कागदं मी करतो. २०२३ च्या नोव्हेंबरात येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ते गॅलेक्सी लीडर जहाज पकडलं तेव्हा ऑफिसात कोणाले काही वाटलं नाई, कुठं येमेन आणि कुठं वाडी नाका. महिन्याभरात शिपिंग लाइनचे मेल यायले लागले की जहाज सुएझनं जाणार नाई, आफ्रिकेले पूर्ण वळसा मारून जाईल, दहा-पंधरा दिवस जास्तीचे धरा, आणि भाड्याचं तर विचारूच नका. साहेबाचा फोन, पार्टीचा फोन, तुर्कस्तानच्या बायरचा फोन, उत्तर द्यायले मी एकटा.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला आहे. अमेरिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये बाकीच्या देशांना घेऊन एक नौदलाचा गट काढला, प्रॉस्पेरिटी गार्डियन नावाचा, जहाजांना संरक्षण द्यायसाठी. आपण त्यात नाई गेलो. पण आपल्या युद्धनौका तं तिकडंच होत्या, दहाच्या वर होत्या म्हणतात. मंग गेलो काऊन नाई? आणि एकटंच जायचं होतं तं वर्षभर हे मलबार, युद्ध अभ्यास, तरंग शक्ती, वरुण, अमुक-तमुक सराव कशापायी? जर्मन, फ्रेंच विमानं २०२४ ले तामिळनाडूत सुलूरले येऊन गेली, फोटो निघाले, केक कापला, झालं.

ऑफिसात रोज चहाच्या टपरीवर यावरून दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते कोणाच्याच दावणीले जाऊन बसायचं नाई. दुसरी म्हणते एकट्याच्यानं समुद्र सांभाळणं होत नाई. मी मधात. कोणाले खरंच माहीत असंल तं समजून सांगा, व्हॉट्सअॅपवरचं फॉरवर्ड नको.


तर्री_पोहे_प्रेमी

यार्न पंधरा दिवस लेट झाला तं माणूस डायरेक्ट परराष्ट्र धोरणावर येऊन बसला 😂 माझं पार्सल वर्ध्याले अडकलं होतं तेव्हा मी पण असाच विचार करत होतो.


जुना_हवालदार_कामठी

भाऊ मी पायदळवाला माणूस, जहाजाचं जास्ती माहीत नाई, पण सरावाचं सांगू शकतो. २०१६ च्या मार्चमध्ये पुण्याले औंधले मोठा सराव झाला होता, फोर्स १८, अठरा देश होते, आसियानवाले म्हणजे आग्नेय आशियाचे आणि बाकीचे. भूसुरुंग काढायचं आणि शांतिसेनेचं काम असा विषय होता. मी त्यात काही लढाऊ वगैरे नव्हतो, बंदोबस्त आणि सामानाच्या मागं होतो, पण पाहिलं सगळं.

लोकाइले वाटते सराव म्हणजे दोन फौजा मिळून गोळीबार करतात. तसं नाई. पहिले दिवस तं निव्वळ भाषेत जातात. इंग्रजी सगळ्याइलेच कामापुरती, त्यातही उच्चार वेगळे. आम्ही ज्याले जे म्हणतो त्याले ते दुसरंच म्हणतात. नकाशावर खूण वेगळी. जखमी माणूस उचलायची पद्धत वेगळी, कोणी आधी रक्त थांबवते कोणी आधी ओढून आडोशाले नेते. वायरलेसवर "समजलं" म्हणजे नुसतं ऐकलं का करतो म्हणते, इथूनच सुरुवात. या गोष्टी खऱ्या वेळी शिकायले गेलं तं माणसं मरतात, म्हणून केकच्या आधी हे करावं लागते. केक फोटोत येते, बाकीचं येत नाई, एवढंच.

आता तुमचा असली प्रश्न, गटात काऊन नाई गेलो. फौजेत याचं उत्तर एका शब्दात देतात, कमांड. हुकूम कोणाचा? आपला माणूस दुसऱ्याच्या हुकुमाखाली फक्त युनोच्या निळ्या टोपीत जाते, बाकी नाई, हे लय जुनं धोरण आहे आणि सरकार कोणाचंही असो बदललं नाई. २००३ ले अमेरिकेनं इराकसाठी आपली फौज मागितली होती, पूर्ण डिव्हिजनची गोष्ट चालली होती, वाजपेयी सरकारनं जुलैमध्ये नाई म्हणून कळवलं. अमेरिकेसोबत दोस्ती वाढून रायली होती तरी नाई म्हटलं. लाल समुद्रातही तोच हिशेब. तुमच्या बाजूले उभे राहू, पण तुमच्या कारभाऱ्याच्या हाताखाली नाई.


संत्रानगरी_७१

@जुना_हवालदार हे बरं सांगितलं. पण मंग बाजूले उभं राहून फायदा झाला का? म्हणजे हुकूम नाई घेतला पण एकमेकांले मदत केली का तिकडं?


जुना_हवालदार_कामठी

केली ना. २६ जानेवारी २०२४ चीच गोष्ट घ्या, आपण इथं परेड पाहून रायलो होतो तेव्हा तिकडं एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा नावाच्या टँकरले हुथीचं क्षेपणास्त्र लागलं. आत नाफ्था, म्हणजे पेट्रोलचा भाऊ समजा. त्यावर २२ आपले भारतीय खलाशी आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणम गेली, आपली आग विझवणारी पोरं त्या जहाजावर चढली. अमेरिकेची आणि फ्रान्सची युद्धनौका पण तिथं मदतीले होती. आपण त्यायच्या गटात नव्हतो, तरी कोणाले कुठून पाणी मारायचं हे भांडत बसले नाई. आता सांगा सराव कामाचा का नाई.


सीताबर्डीकर

सगळे आधुनिक उदाहरणं देताय, जरा आपल्या गावाकडे पण बघा. विदेशी सैनिकी भागीदारी म्हणजे काय हे नागपूरपेक्षा जास्त कोणाला माहीत असेल?

१८१६ साली दुसरे रघुजी भोसले गेले. गादीवर परसोजी, त्यांची प्रकृती आणि बुद्धी दोन्ही कमजोर, म्हणून कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यात भांडणं. अप्पासाहेबांनी स्वतःची बाजू भक्कम करण्यासाठी इंग्रजांशी गुपचूप तह केला, मे १८१६ मध्ये, तैनाती फौजेचा. म्हणजे कंपनीची पलटण नागपुरात राहणार, खर्च नागपूरचा, हुकूम रेसिडेंट म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी जेंकिन्स याचा. कागदावर शब्द काय सुंदर होते, मैत्री, परस्पर संरक्षण, राज्यात शांतता. आजच्या कुठल्याही संयुक्त निवेदनात चिकटवा, फरक कळणार नाही.

दीड वर्षात अप्पासाहेबांच्या लक्षात आलं की रखवालदार घरात आणला आणि किल्ली त्याच्याच खिशात. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. आपल्याकडे माणसं कितीतरी जास्त, तरी हरलो. त्यानंतर टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला जो आपण आज बर्डीवर शॉपिंगला जाताना वर मान करून बघतो किंवा बघतही नाही. अप्पासाहेबांना पदच्युत केलं, ते निसटले, पुढे जोधपूरला १८४० मध्ये वारले. गादीवर लहान मुलगा बसवला, तिसरा रघुजी, तो १८५३ च्या डिसेंबरात वारस न ठेवता गेला आणि १८५४ ला डलहौसीनं सगळं राज्यच खालसा करून टाकलं. पहिल्या सहीपासून मोजा, अडतीस वर्षं.

म्हणून मला कोणी "भागीदारी" म्हटलं की मी आधी विचारतो, फौज कोणाच्या जमिनीवर, पगार कोणाच्या खिशातून आणि निघायची तारीख कोण ठरवणार.


अनुरक्षण_रिटायर्ड

सीताबर्डीकर साहेब, इतिहास मान्य, पण तैनाती फौजेचं उदाहरण आजच्या करारांना जसंच्या तसं लागू करणं म्हणजे जरा ताणणं आहे. मी हवाई दलात तेहतीस वर्षं काढली, शेवटची काही इथेच वायुसेना नगरला. अनुरक्षण कमान, म्हणजे मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे हे अर्ध्या नागपूरला माहीत नसतं, ते फुटाळ्यावर मक्याचं कणीस खाऊन परत जातात.

तर आमच्या लाइनमध्ये दोस्ती कशी मोजतात सांगतो. सुट्या भागात. भाषणात नाही, स्पेअरमध्ये. विमान तुम्ही एकदा विकत घेता आणि पुढची तीस-चाळीस वर्षं समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहता, सील द्या, बेअरिंग द्या, मॅन्युअलची नवीन आवृत्ती द्या.

एएन-३२ घ्या. आपली मालवाहू विमानं, लडाखपासून ईशान्येपर्यंत रेशन-रॉकेल हीच नेतात. मूळ सोव्हिएत, पण सोव्हिएत संघ फुटला आणि कंपनी गेली युक्रेनच्या वाट्याला. २००९ मध्ये शंभरावर विमानं अद्ययावत करायचा करार युक्रेनशी झाला, काही तिकडे आणि बाकीची आपल्या कानपूरच्या डेपोत व्हायची होती. २०१४ ला रशियानं युक्रेनचं क्रिमिया घेतलं, रशिया-युक्रेन एकमेकांच्या उरावर, आणि आमचं काम लटकलं. दोघांशी आपलं काही भांडण नाही, तरी आमचे शेल्फ रिकामे. एका-एका पार्टसाठी काय धावपळ असते ते ज्यानं केलं त्यालाच कळतं, बाकी जाऊ द्या.

नौदलाचं तर याहून भारी आहे. आयएनएस तुशिल रशियात बांधली, पण तिची गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनची. भांडणानंतर युक्रेन रशियाला इंजिन देईना. मग आपण स्वतः युक्रेनकडून इंजिनं विकत घेतली आणि रशियाच्या गोदीत नेऊन दिली. ९ डिसेंबर २०२४ ला कालिनिनग्राडला ती नौदलात दाखल झाली, तेव्हा दोन्ही देश युद्धात होते. पुढे १ जुलै २०२५ ला तमाल पण तशीच. लग्नात दोन रुसलेल्या व्याह्यांना एकाच पंगतीला बसवून जेवू घालण्याचा हा प्रकार आहे आणि आपण तो निभावला.

त्यामुळे ऑफिसातल्या तुमच्या पहिल्या पार्टीला सांगा, दावणीला न बसता बसण्याचा खर्चही असतो, तो स्टोअरकीपरला विचारा.


संत्रानगरी_७१

व्याह्यांचं उदाहरण साहेबाले सांगतो 😄 एक अजून, ते लेमोआ म्हणून करार आहे ना अमेरिकेसोबतचा, त्यावर आमच्या टपरीवर एक जण छातीठोक सांगते की त्यानं अमेरिकेले आपल्याकडं तळ देऊन टाकले. खरं आहे का?


अनुरक्षण_रिटायर्ड

नाही. लेमोआ ऑगस्ट २०१६ चा. ती किराणा दुकानातली उधारीची वही आहे. तुमचं जहाज आमच्या बंदरात आलं, तेल-पाणी-रेशन घेतलं, वहीत लिहिलं, नंतर पैसे द्या किंवा तेवढाच माल परत द्या. आणि प्रत्येक वेळी विचारून. दुकानदार नाही म्हणू शकतो. वही आहे म्हणून कोणी दुकानाच्या माळ्यावर राहायला येत नाही.

२०२० च्या सप्टेंबरात आयएनएस तलवारनं अरबी समुद्रात अमेरिकेच्या टँकर जहाजाकडून तेल भरलं, ते याच वहीवर. त्याच महिन्यात त्यांचं पी-८ विमान पोर्ट ब्लेअरला इंधनासाठी उतरलं. बाकी २०१८ चा कॉमकासा हा सुरक्षित रेडिओ-संपर्काच्या उपकरणांचा आणि २०२० चा बेका हा नकाशे आणि उपग्रहाच्या माहितीचा. शेवटच्या दोनांबद्दल मला स्वतःलाही थोडी धाकधूक आहे, कारण वही आपल्या घरात असते पण नकाशा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर.

आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचं चार्ल्स ड्र्यू हे जहाज दुरुस्तीला चेन्नईजवळ कट्टुपल्लीला आलं होतं, पहिल्यांदाच. मिहानमध्ये आपल्याकडे विमानं दुरुस्त होतात, फाल्कन विमानाचे भाग बनतात, तसं हे जहाजांचं. ज्याच्या गॅरेजला गाडी येते तो नुसता गिऱ्हाईक राहत नाही.


खापरी_नाका

हे सगळं ठीक हाय पण तुम्ही सगळे जिंकलेल्याच गोष्टी सांगून रायले. अफगाणिस्तान कोण सांगंल? अमेरिकेनं अफगाण फौजेवर आठ हजार कोटी डॉलरच्या वर खर्च केला, वीस वर्ष ट्रेनिंग, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती फौज काही दिवसात विरघळली. आपण पण त्यायचे कॅडेट डेहराडूनले शिकवले, त्या पोट्ट्याइचं मंग काय झालं?

फ्रान्सचं पाहा. २०१३ मध्ये मालीत गेले, लोकाइनं झेंडे घेऊन स्वागत केलं. नऊ वर्षानं त्याच लोकाइनं हाकललं. मंग बुर्किना फासो, मंग नायजर, जुलै २०२३ ले तिथं सत्तापालट आणि डिसेंबरात फ्रेंच बाहेर. अमेरिकेनं तं नायजरमध्ये अगादेझले ड्रोनचा तळ बांधला होता, दहा कोटी डॉलरच्या वर लागले, २०२४ च्या ऑगस्टमध्ये चावी देऊन घरी. त्याच्या जागी रशियावाले आले. काय फरक पडला तिथल्या माणसाले? स्थैर्य, सुरक्षा, हे सगळे शब्द भाषणातले. ज्याचा तळ त्याची सुरक्षा.

आणि आपली शांतिसेना. २९ जुलै १९८७ ले करार, आपण लंकेत गेलो तमिळांले वाचवायले, आणि काही महिन्यात त्यायच्याच पोराइशी, एलटीटीई म्हणजे तमिळ वाघाइशी, लढून रायलो. हजाराच्या वर जवान गेले. मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार, २५ नोव्हेंबर १९८७, परमवीर चक्र. महार रेजिमेंट म्हटलं की आमच्या वस्तीत आजही म्हातारे लोक टोपी काढतात, मी उगाच नाव घेत नाई. पण १९९० ले परत आलो तेव्हा तिथलं सरकारही आपल्याले जा म्हणत होतं आणि एलटीटीई पण. इतकं करून दोन्हीकडून शिव्या.


जुना_हवालदार_कामठी

@खापरी_नाका भाऊ, लंकेवर तुमच्याशी भांडत नाई. आमच्या पलटणीतले जुने लोक त्यावर बोलतच नसत. नकाशे नव्हते धड, कोणाशी लढायचं हे बदलत गेलं. तिथं गेलो ती चूक का तिथं थांबलो ती चूक, यावर रम पिऊन रात्र जाते पण निकाल लागत नाई.

पण त्याच्याच पुढच्या वर्षी, ३ नोव्हेंबर १९८८, मालदीव. भाड्याचे बंदूकवाले घुसले, राष्ट्रपतीनं मदत मागितली, आग्र्यावरून पॅराची पोरं त्याच रात्री उतरली, काम झालं. फरक एवढाच का काम छोटं होतं आणि संपलं कधी म्हणायचं ते ठरलेलं होतं.


धंतोलीची_माई

मी सहसा अशा विषयात लिहीत नाही पण शांतिसेना आली म्हणून लिहिते. माझा धाकटा भाऊ युनोच्या मिशनवर दक्षिण सुदानला होता, एक वर्षाच्या वर. आईनं देवघरात त्याच्या फोटोशेजारी आफ्रिकेचा नकाशा ठेवला होता, शाळेचा, पाच रुपयांचा, आणि त्यावर कुंकवाचं बोट लावलं होतं जिथे तो आहे असं तिला वाटायचं. बोट काँगोवर होतं, पण आम्ही कोणी बोललो नाही.

फोन लागायचा तेव्हा तो लढाईचं कधीच सांगायचा नाही. गाईंचं सांगायचा. मलाकाल म्हणून गाव आहे, नाईलकाठी, तिथे आपल्या सैन्याचं हॉस्पिटल आहे आणि सोबत जनावरांचे डॉक्टर पण. मला आधी हसू आलं, फौजेत ढोराचे डॉक्टर कशाला. तो म्हणाला ताई, इथे माणसाची सगळी मिळकत म्हणजे गाई, लग्नात हुंडा गाई, भांडण झालं की समोरच्याच्या गाई पळवतात आणि मग बंदुका निघतात, गावंच्या गावं जाळतात. म्हणून गाय आजारी पडली आणि आपल्या डॉक्टरनं बरी केली की तो माणूस आपल्याला दुसऱ्या नजरेनं बघतो, रस्त्यात पुढे काय आहे ते आपण होऊन सांगतो. मला तर ते ऐकून आपल्या काटोलकडचं आठवलं, बैल बसला की घर बसतं.

धोकाही होता. २०१३ च्या एप्रिलमध्ये जोंगलेईत आपल्या पाच जवानांना दबा धरून मारलं, ती बातमी त्याच्या जाण्याच्या आधीची, पण आईनं ते कात्रण कोणी दाखवलं कोण जाणे वाचलं होतं.

आणि खापरी नाका यांना एवढंच, तुम्ही म्हणता तिथल्या माणसाला काय फरक पडला. मला मोठं माहीत नाही. एका गाईला पडला.


खापरी_नाका

माई तुमच्या भावाले सलाम, त्यावर मी काही बोलत नाई. माझा राग मोठ्या देशांच्या दुकानदारीवर हाय, जवानावर नाई. पण एक विचारतो, राग मानू नका, युनो प्रत्येक जवानामागं महिन्याले १४०० डॉलरच्या वर सरकारले देते ना? ते जवानाले भेटते का?


धंतोलीची_माई

राग कशाचा. ते पैसे सरकारकडे जातात, जवानाला सरकार वेगळा भत्ता देतं. त्याच्या भत्त्यातून आमच्या घरावर स्लॅब पडला आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाकी हिशेब त्यानं कधी सांगितला नाही, मी विचारला नाही.


सीताबर्डीकर

@अनुरक्षण_रिटायर्ड, उधारीची वही पटली. पण मी विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा अजून उभा आहे, निघायची तारीख कोण ठरवणार? आपण दुसऱ्याला हा प्रश्न विचारतो, आपल्याला कोणी विचारला तर?


अनुरक्षण_रिटायर्ड

विचारला ना, मालदीवनंच. हवालदार साहेबांनी १९८८ सांगितलं, मी २०२४ सांगतो. आपली दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान तिकडे होतं, आजारी माणसं बेटांवरून मालेला न्यायला आणि समुद्रावर नजर ठेवायला. चालवायला ऐंशीच्या आसपास आपली माणसं. मुइझ्झू "इंडिया आउट" म्हणत तिथले राष्ट्रपती म्हणून निवडून आले आणि म्हणाले तुमचे सैनिक न्या. १० मे २०२४ ही तारीख ठरली, त्याच्या आत सगळे परत. त्यांच्या जागी साध्या कपड्यातले तंत्रज्ञ गेले, विमानं तिथेच राहिली, रुग्ण नेणं चालू राहिलं. तेव्हा आपल्या टीव्हीवर काय आरडाओरडा, बहिष्कार टाका आणि काय काय.

पण आपण अडून बसलो नाही. मालदीव, श्रीलंका आणि आपला तटरक्षक दलाचा "दोस्ती" सराव त्या सगळ्या गदारोळात, २०२४ च्या फेब्रुवारीतच झाला, आणि तो मालेलाच. ऑक्टोबरमध्ये तेच मुइझ्झू दिल्लीला आले, चाळीस कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीची सोय घेऊन गेले. जेंकिन्स साहेबाला अप्पासाहेब "जा" म्हणू शकले असते का, आणि तो गेला असता का? तैनाती फौज आणि आत्ताच्या कारभारात मी फरक धरतो तो हा. नायजरमधून अमेरिका गेली हे खापरी नाका हार म्हणून सांगतात, मला त्यातही थोडं बरं दिसतं, निघा म्हटल्यावर निघाली.


खापरी_नाका

निघाली कारण रशियावाले दारात उभे होते, सज्जनपणा नव्हे. पण ठीक हाय, अर्ध मानलं.

माह्या मते तं खरी भागीदारी गुरुग्रामची. २०१८ मध्ये आपल्या नौदलानं तिथं माहिती केंद्र काढलं, हिंदी महासागरातल्या जहाजाइची माहिती जमा करायचं, आणि बाकी देशांचे अधिकारी येऊन तिथंच बसतात. फौज नाई, तळ नाई, निव्वळ कोणतं जहाज कुठं चाललं हे एकमेकांले सांगायचं. त्यावर माह्या आक्षेप शून्य.


जुना_हवालदार_कामठी

आता आले ना लाइनवर 😄 माहिती असली म्हणजेच रुएनसारखं काम होते. सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पळवलेलं जहाज, मार्च २०२४ मध्ये आपल्या आयएनएस कोलकातानं अडवलं, आपल्या किनाऱ्यापासून २६०० किलोमीटर दूर, सी-१७ विमानातून मार्कोसची म्हणजे नौदलाच्या कमांडोंची पोरं समुद्रात उतरवली, चाळीस तास चाललं. १७ खलाशी सुखरूप, त्यात एकही भारतीय नाई, बल्गेरिया, म्यानमार, अंगोलाचे. ३५ चाचे पकडून मुंबईले आणले. बल्गेरियाच्या राष्ट्रपतीनं आभार मानले. आता बल्गेरियाशी आपला कोणता सराव झाला होता मले सांगा.


तर्री_पोहे_प्रेमी

मी फक्त हसायले आलो होतो, इथं तं माझा अर्धा तास गेला. सीताबर्डीकर, तो किल्ला आत जाऊन पाहता येते का? आजन्म नागपूरकर आहे, कधी गेलो नाई, लाज वाटून रायली.


सीताबर्डीकर

येतो. सैन्याच्या ताब्यात आहे त्यामुळे रोज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या दिवशी लोकांसाठी उघडतात. सकाळी लवकर जा, गर्दी असते, आणि ओळखपत्र सोबत ठेवा. वरून स्टेशनपासून बर्डीपर्यंत सगळं दिसतं, टेकडी कशासाठी हवी होती ते उभं राहिल्यावर लगेच कळतं.


धंतोलीची_माई

संत्रानगरी, मूळ गोष्ट राहिलीच. तुमच्या त्या डब्यांचं काय झालं शेवटी?


संत्रानगरी_७१

पोचले माई. एकोणीस दिवस लेट. बायरनं बिलातून कापले, साहेबानं ते पार्टीच्या खात्यात टाकले, पार्टीनं आमच्याकडलं पुढचं बुकिंग दुसऱ्या एजंटले देऊन टाकलं. त्यात एक डबा हळदीचा होता, त्याले ओल लागली का नाई यावर अजून मेल चालू आहेत.

हवालदार साहेबांचं कमांडवालं आणि उधारीची वही, दोन्ही उद्या टपरीवर सांगतो. आत्ता दुसऱ्या एका पार्टीचा फोन आला होता, पुढच्या खेपेचा रेट मागते, आणि विचारते सुएझचा धरू का केपचा, म्हणजे आफ्रिकेच्या वळशाचा. मी म्हटलं दोन्ही लिहून ठेवा.